गांजा आणि घरचे वळण



व्यसनमुक्तीसाठी आपल्या शाळांतून प्रतिज्ञा होतात, फेऱ्या निघतात, फलक रंगविले जातात. ते योग्यच आहे. परंतु गांजाविषयी मुलाचे मत प्रथम बनते ते वर्गात नव्हे, तर घराच्या ओसरीवर.

सहावी ते आठवीच्या वयात मूल मोठ्यांच्या उपदेशापेक्षा त्यांच्या वर्तनाकडे अधिक बारकाईने पाहू लागते. वडील गांजाला नावे ठेवतात. पण महाशिवरात्रीच्या भांगेच्या गमती चारचौघांत रंगवून सांगतात. चिलीम ओढणाऱ्या नातलगाचे नाव निघाले की घरात हशा पिकतो. कोपऱ्यातले मूल यातून एवढेच घेते की, ही वस्तू म्हणण्यापुरती वाईट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांस मनाई केली आणि नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येबाहेर ठेवली. हा भेद कायद्याचा आहे. वाढत्या मेंदूस तो ठाऊक नाही. मेंदूची वाढ विशीनंतरही चालू असते. कोवळ्या वयात ही सवय जडल्यास स्मरण व एकाग्रता यांस बाध येतो आणि काहींच्या बाबतीत गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो.

काही घरांत याच्या उलट नुसता धाक असतो. ‘पुन्हा नाव काढलेस तर तंगडी मोडीन’ एवढ्यावर विषय संपतो. अशाने मुलाचे मत बदलत नाही, ते लपते. आणि उद्या मित्राने चिलीम पुढे केली, तर ती गोष्ट घरी सांगण्याची वाट बंद झालेली असते. जेथे आईवडिलांची नापसंती स्पष्ट असते, मुलगा कोठे व कोणाबरोबर आहे याची विचारपूस असते आणि बोलण्यास मोकळीक असते, तेथील मुले या मार्गाला कमी लागतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

म्हणून पालकसभेत हा विषय स्पष्टपणे मांडावा. गांजाची पुडी आणण्यास किंवा पोचविण्यास मुलास कधीही पाठवू नये, हे सांगावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास अमली पदार्थ देणे, अथवा त्याच्याकरवी ते नेणे-विकणे, यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ज्याचे वडीलच गांजा ओढतात, त्या मुलास मात्र वर्गात कधीही हिणवू नये. वडिलांची बाजू राखता राखता तो गांजाचीही बाजू घेऊ लागेल. अशा वडिलांस एकांतात भेटावे. ‘मला हे सुटत नाही, म्हणूनच तू याला शिवू नकोस,’ असे त्यांनी मुलास मनापासून सांगितले, तर त्याचे वजन आपल्या दहा भाषणांहून अधिक पडेल. सोडण्याची इच्छा असेल त्यांस १४४४६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक द्यावा.

शेवटी एक गोष्ट. शाळेच्या वेळेत आपण मुलांच्या पालकांच्या ठिकाणी असतो. आपल्या खिशातील तंबाखूची डबीही मुले पाहत असतात. तिचा विचार ज्याने त्याने करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.