रेषेची जाडी



भूमितीच्या तासाला सर सांगायचे, रेषेला जाडी नसते. शेवगाव सोडलं, इंजिनिअर झाले, वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं. संगणकाच्या पडद्यावर ते खरंच होतं.

मग नोकरी सोडून बचतीतून सेन्सर बनवायला घेतला. नमुन्यासाठी 0.3 मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी हवी होती, तिच्यात 0.4 मिलिमीटर रुंदीच्या बारा खाचा. घाईत लेसरवर कापून घेतल्या. काम झटपट झालं, पण उष्णतेनं पट्ट्या वाकल्या, कडा खरबरीत झाल्या. पैसे गेले. आईला बरेच दिवस सांगितलं नाही.

शेवटी पुण्यात भोसरीला एका वायरकटवाल्या काकांकडे गेले. ड्रॉइंग बघून ते म्हणाले, "ताई, आतला कोपरा इतका टोकदार कसा काढू? माझी तार पाव मिलिमीटरची आहे."

तार धातूला टेकत नाही, ठिणग्यांनी कापते. म्हणून पातळ पट्टीवर जोर येत नाही. पण ठिणगीची जागा धरून काप 0.3 च्या आसपास जातो आणि कोपरा गोलच राहतो. शिवाय तार ओवायला प्रत्येक खाचेत आधी भोक पाडावं लागतं. बारा भोकं, बारा वेळा ओवणं! म्हणून काकांनी दहा पट्ट्या एकावर एक आवळून एकदमच कापल्या. "शेकड्यांनी लागल्या तर रसायनानं कोरून घ्या, स्वस्त पडेल," हेही त्यांनीच सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक घालवून.

त्यातली एक पट्टी आज आणली आहे. सर, उजेडाकडे धरून बघा. जपून, कडा धारदार आहेत.