अंगठा आणि अक्षर

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘अंगठेबहाद्दर’ कोणाला म्हणतात, हे आपल्या परभणी जिल्ह्यात सांगायला नको. ज्याला सही येत नाही, त्याच्या नावापुढे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिले जाई. आज मात्र बी. ए. झालेला मुलगाही मोबाईल उघडताना बोटच टेकवतो. मग शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक काय उरला? त्याविषयी दोन शब्द बोलतो.

ठशांची ही विद्या आपल्याच देशात वाढली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. तेथे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे काम करीत. हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, हा प्रश्न होता. गणित शिकलेल्या हकसाहेबांनी ठशांची १०२४ कप्प्यांत वर्गवारी बसवली. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १९०१ साली लंडनच्या पोलिसांनी ती स्वीकारली. गणिताचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मोबाईलमध्ये काय घडते? बोटावर उंचवटे आणि खाचा असतात. उंचवटा पट्टीला टेकतो, खाच दूर राहते. त्यामुळे विजेच्या भारात सूक्ष्म फरक पडतो आणि त्यावरून रेषा कोठे संपते, कोठे फुटते याची टिपणे होतात. फोन आकड्यांत मांडलेली ती टिपणे आपल्या सुरक्षित भागात ठेवतो.

आधारचे तसे नाही. तेथे ठसा दूरच्या केंद्रीय साठ्याशी ताडून पाहिला जातो. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले.

परंतु यंत्राला कष्टाचे हात ओळखत नाहीत. माझ्या वर्गातील एका मुलाची अम्मी कापूस वेचते. तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातून ती दोनदा रिकाम्या पिशवीने परतली. ठसा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवले होते. तिला ते ठाऊक नव्हते. मुलाने अर्ज लिहिला, तेव्हा धान्य मिळाले. जे अंगठ्याने झाले नाही, ते अक्षराने झाले.

दुसरा धोका उलटा आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. नकली ठशाने बँकेतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. म्हणून आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. गरज पडेल तेव्हा कुलूप उघडता येते. यंत्रावर किती रक्कम लिहिली आहे, हे वाचल्याशिवाय बोट टेकवू नये आणि पावती मागून घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर अब्बा-अम्मींना बँकेची पावती वाचून दाखवा. अंगठा फक्त ‘मी कोण’ एवढे सांगतो. ‘मी कशाला होकार देतो’ हे समजायला अक्षरच लागते. शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांतला फरक तो हाच.