पशुसखीसारखी की पशुसखी म्हणून?

मागं वसमत तालुक्यातल्या एका गटाकडं बाहेरचे पाहुणे आले होते. तिथली 'उमेद'ची पशुसखी गावातल्या शेळ्यांना जंताचं औषध पाजते, लसीकरण बघते. ती धिटाईनं इंग्रजीत म्हणाली, "आय वर्क लाइक पशुसखी." पाहुण्यांनी विचारलं, मग खरी पशुसखी कोण? बाई गोरीमोरी झाली.

'लाइक' म्हणजे सारखी. पशुसखीसारखं काम करते, पण पशुसखी नाही, असा अर्थ झाला. आपण 'पशुसखी म्हणून काम करते' म्हणतो ना, त्या 'म्हणून'ला इंग्रजीत 'अ‍ॅज'. "आय वर्क अ‍ॅज अ पशुसखी." मधला बारका 'अ' गिळू नका. गटात अध्यक्ष मात्र एकच, म्हणून तिथं 'द': "आय अ‍ॅम द प्रेसिडेंट ऑफ अवर ग्रुप." वही-हिशेब तुमच्याकडं असेल तर "आय लुक आफ्टर द अकाउंट्स." तिथं 'हेल्प' नको. सगळा हिशेब आपण लिहायचा आणि 'मदत करते' सांगायचं, ही खोड आपल्याला मराठीतही आहे.

पुढच्या बैठकीत एकेकीनं आपलं वाक्य म्हणायचं. हजेरी घेताना मी विचारणार आहे.