प्रवासाचे नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता



प्रवासाला निघण्यापूर्वी वाट विचारावी लागते, आणि ती विचारण्याची रीत काळाबरोबर पालटत आली आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. शिरूर हे गाव याच हमरस्त्यावर घोडनदीच्या काठी वसलेले आहे. शेजारच्या दौंड येथे रेल्वेचे मोठे जंक्शन असून मनमाडकडील लोहमार्ग १८७८ मध्ये तेथे येऊन मिळाला. पूर्वी गाडीची वेळ स्थानकावर जाऊन विचारावी लागे व तिकीट खिडकीपुढे रांग धरावी लागे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले. ऑगस्ट २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोयही उपलब्ध झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून तर प्रवासाचा अवघा बेतच यंत्राला विचारून आखता येऊ लागला आहे. आयआरसीटीसीने ‘आस्कदिशा’ हा संवादी साहाय्यक २०१८ मध्येच प्रवाशांच्या सेवेत आणला होता. पुढे त्याच्याशी बोलून तिकीटही काढता येऊ लागले.

या साधनाचा उपयोग शिरूर तालुक्यासारख्या भागात विशेष आहे. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आधी एस.टी.ने अथवा खासगी वाहनाने दौंड किंवा पुणे गाठावे लागते आणि तेथून गाडी धरावी लागते. या दोन टप्प्यांचा मेळ बसला नाही, तर सारा प्रवासच फसतो.

मदत कोणती होते?

समजा, न्हावरे परिसरातील एका शेतकरी कुटुंबातील आईला लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला जावयाचे आहे. वय साठीच्या घरात, गुडघे दुखतात, वरच्या बाकावर चढवत नाही. अशा वेळी तिच्या मुलाने मोबाईलवर मराठीतच विचारावे: ‘अमुक तारखेच्या आत पोहोचावयाचे आहे, खालचा बाक हवा, सोबत दोन पिशव्या आहेत, दौंडला जाण्यासाठी किती वाजता निघावे?’ यंत्र त्याला गाड्यांचे पर्याय, चौफुल्यावरून दौंडला जाणारा रस्ता, हाताशी ठेवावयाचा जादा वेळ, अंदाजे खर्च आणि बरोबर घ्यावयाची ओळखपत्रे यांची नीट मांडणी करून देते. ४५ वर्षे व त्यावरील महिलांना, शिल्लक असल्यास, खालचा बाक देण्याची व्यवस्था रेल्वेत आहे, हेही ते सांगू शकते. एरवी या माहितीसाठी गावातील एखाद्या जाणत्या माणसाच्या सवडीची वाट पाहावी लागते किंवा दलालाला पैसे मोजावे लागतात. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला आपल्या भाषेत विचारता येते, हा लाभ लहान नाही.

चूक कोठे होते?

तथापि, या यंत्राचे ज्ञान कसे असते, हे समजून घेतले पाहिजे. अफाट लिखाण वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. काही साधने महाजालावर ताजी माहिती शोधतात, काही शोधत नाहीत. माहिती अपुरी असली तरी उत्तराचा सूर मात्र तितक्याच खात्रीचा राहतो.

नावांचेच पाहा. शिरूर म्हटले की पुणे जिल्ह्यातील शिरूरच, असे स्थानिकांना वाटते. परंतु बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत. जिल्हा सांगितला नाही, तर मार्ग भलत्याच शिरूरपासून सुरू होण्याचा धोका असतो.

दौंडची गोष्ट याहून नाजूक आहे. पूर्वी अहिल्यानगरकडून पुण्यास जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनात येऊन इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून घ्यावे लागे. तो वेळ वाचावा म्हणून जोडमार्ग घालण्यात आला आणि त्यावर ‘दौंड कॉर्ड लाईन’ हे वेगळे स्थानक झाले. मनमाड दिशेच्या काही गाड्या आता जंक्शनात न येता तेथे थांबतात. यंत्राने नुसते ‘दौंड’ म्हटले आणि घाईत तिकिटावरील स्थानकाचे नाव वाचावयाचे राहिले, तर आई जंक्शनच्या फलाटावर बसून राहील आणि गाडी दुसऱ्याच स्थानकावरून निघून जाईल.

जुन्या माहितीचाही प्रश्न आहे. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, तर एस.टी.त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२३ मध्ये लागू झाली. जुन्या लेखांवर विसंबलेले उत्तर पहिली सवलत चालू असल्याचे सांगेल आणि दुसरीचा उल्लेखही करणार नाही. सिद्धटेकविषयीच्या जुन्या लिखाणात शिरापूरहून नावेने भीमा ओलांडावी असे आढळते. आज तेथे पूल आहे.

खात्री कशी करावी?

म्हणून बेत यंत्राकडून आखून घ्यावा. खात्री मात्र अधिकृत ठिकाणी करावी. गाडी कोणत्या स्थानकावरून व किती वाजता आहे, हे रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर अथवा अधिकृत ॲपवर पाहावे. एस.टी.ची वेळ शिरूर किंवा दौंडच्या बसस्थानकावर विचारून घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी स्थानक, तारीख, नाव आणि वय या चार गोष्टी मोठ्याने वाचाव्यात.

‘तिकीट निघाले’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. ते निश्चित झाले आहे की प्रतीक्षायादीत आहे, हे पाहावे. ऑनलाईन काढलेले तिकीट अंतिम तक्ता तयार झाल्यावरही पूर्णतः प्रतीक्षायादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होते व त्यावर प्रवास करता येत नाही. म्हणून अडीअडचणीसाठी दुसरा मार्गही आधीच विचारून ठेवावा.

पैशांचा व्यवहार स्वतःच्या हातांनी करावा. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन संवादात लिहू नये आणि कोणालाही सांगू नये. परतावा मिळण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. तो मागणारा माणूस फसविणारा आहे, असेच समजावे. भक्तनिवासाच्या व हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढली जातात, याचेही भान ठेवावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ज्या घरात मोबाईल हाताळणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी आरक्षण खिडकी आजही आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी शेजारच्या वृद्धांना एवढी मदत केली, तर या साधनाचा लाभ वस्तीवस्तीवर पोहोचेल. लेकीकडे निघालेल्या आईच्या हातात योग्य स्थानकाचे निश्चित तिकीट असावे आणि गाडी येण्याआधी तिला फलाटावर निवांत टेकता यावे, एवढ्यासाठीच ही सारी दक्षता घ्यावयाची आहे.