रविवार कोणी दिला?



रविवारची सुट्टी इंग्रज सरकारने आपल्या धर्मापायी दिली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खोटा आहे. रविवार आमच्या खंडोबाचाही वार आहे, आणि तो मुंबईच्या गिरणीतल्या माणसांनी भांडून घेतला. त्यांच्या पुढे सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे होते.

1881 चा कायदा होता खरा, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसाने उजेड फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबावे, वर रविवारी यंत्रे पुसायला जावे. 1884 साली लोखंड्यांनी सभा भरवून 5,500 मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला. मागणे किती थोडे, पहा : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्तास थांबावे, दुपारी अर्धा तास मिळावा, रविवारी पुरती सुट्टी असावी, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार द्यावा. एवढ्यासाठीही सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार मजूर जमले, त्यांत दोन बाया उभ्या राहून बोलल्या. (बायांनी सभेत बोलू नये म्हणणारे आजही आमच्या गावांत आहेत !) 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवार कबूल केला.

पुढे 1911 च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांस दिवसाचे 12 तास ठरले, 1922 त आठवड्याचे 60, आणि 1948 त आठवड्याचे 48 व दिवसाचे 9. आणि 2025 साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे 9 तास 12 पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे 114 वर्षांनी आकडा फिरून तोच !

आठवडा 48 तासांचाच ठेवला आहे, मग बिघडले काय, असे आम्हांस विचारतात. बैलास दिवसभर न सोडता औताला जुंपावे व उद्या दुप्पट विसावा द्यावा, असे कोणी कुणबी करील काय ? बारा तासांवर येण्याजाण्याचा वेळ चढवा. बाईस त्यानंतर चूल आहेच.

आणि घरी नगावर विड्या वळणारी बाई, मागावरचा कोष्टी, रोजाने खुरपणारी मजूरीण यांच्या दारी तो रविवार अजून पोचलेला नाही. तेव्हा पुढल्या सभेस येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसांचे आठवड्याचे तास मांडून आणावेत, चुलीपुढचे सुद्धा.