क्लास, ऑब्जेक्ट आणि थांब्यावरची बस

हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क जवळ असल्यामुळे पिंपळे सौदागरमध्ये सॉफ्टवेअरवर चरितार्थ चालवणारी असंख्य कुटुंबे राहतात, आणि तेथील मुले अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गेली की ‘ऊप्स’, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, हा विषय त्यांच्यापुढे येतो. मात्र त्याच्या व्याख्या पाठ होतात आणि तो ज्या गरजेतून निर्माण झाला, ती सांगायची बहुधा राहून जाते.

ती गरज होती रांगा, वाहतूक यांसारख्या घडामोडी संगणकात उभ्या करून पाहण्याची. त्यासाठी नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. तिच्यातील क्लासची कल्पना ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये सी भाषेला जोडली आणि त्यातूनच पुढे सी प्लस प्लस आकाराला आली.

म्हणूनच पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकात थांबणारी पीएमपीएमएलची, म्हणजे पुणे परिसरातील शहर बससेवेची, बस या विषयाला चपखल बसते. बसचा आराखडा म्हणजे क्लास. त्यात क्षमता, आतील प्रवाशांची संख्या ही माहिती आणि ‘चढवा’ यासारखी कृती, म्हणजे मेथड, एकत्र नांदतात, तर त्या आराखड्यावरून तयार झालेली एकेक बस म्हणजे ऑब्जेक्ट. समजा, क्षमता ४०, आत ३८ आणि रांगेत ५ जण आहेत, तर ‘चढवा’ ही मेथड दोघांना आत घेते आणि तिघे उरल्याचे कळवते. संख्या बाहेरून थेट बदलण्यास मज्जाव असल्यामुळे हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्येही ती कोणाकडून चुकून ४३ होत नाही. या बंदोबस्ताला एनकॅप्सुलेशन म्हणतात, आणि नवशिक्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो येथेच.

पीएमपीएमएलच्या ताफ्यात २०१९ मध्ये विजेवरच्या बस आल्या. प्रोग्रॅममध्ये अशी बस आणताना मूळ क्लासला हात न लावता त्याचे गुण नव्या क्लासला वारशाने देता येतात, हे इनहेरिटन्स. आणि ‘ऊर्जा भरा’ या एकाच आज्ञेवर सीएनजी बस गॅस घेते व ई-बस चार्जिंगला लागते, हे पॉलिमॉर्फिझम. वारशाचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण ई-बस हा बसचाच प्रकार असला, तरी चालक हा बसचा प्रकार नव्हे. तो बसमध्ये असतो.

सरावासाठी संख्येऐवजी प्रवाशांची यादी ठेवणाऱ्या एकाच क्लासच्या दोन बस तयार करून एकीत प्रवासी चढवावा आणि दुसरीची यादी तपासावी. पायथॉनमध्ये प्रवाशांची यादी थेट क्लासमध्येच लिहिली गेली असेल, तर दोन्ही बस तीच एक यादी वापरतात आणि एकीत चढलेला प्रवासी दुसरीतही दिसतो. अशा वेळी ती यादी, ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या ‘इनिट’ या मेथडमध्ये हलवावी.