कोणी, कधी, काय उघडले?

विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेत गुण, शुल्क, पगार सारे संगणकावर असते. तिथे कोणी प्रवेश केला, याची आपोआप होणारी नोंद म्हणजे लॉग. एका ओळीत तारीख, वेळ, वापरकर्ता, आयपी पत्ता आणि केलेला बदल दिसतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, सर्व्हरची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात.

लॉग वेगळ्या सर्व्हरवर ठेवावेत. ते पुसण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र हवे. बदली वा निवृत्ती होताच खाते बंद करावे. दरमहा तपासणी करून शेरा लिहावा. असे दप्तर लेखापरीक्षणाला केव्हाही तयार असते.